तीन आठ चार, तीन आठ सात

उचगाव, ३ ऑगस्ट २०२५

तेजस्वी,

आठ महिन्यांनी तुझं पत्र आलं. त्यात माझी चौकशी एका ओळीत उरकलीस आणि पुढचं दीड पान तुझ्या लघुप्रबंधाचं. बरं झालं. निदान खोटं तरी लिहिलं नाहीस.

कागदाच्या डोक्यावर 'जय भीम' लिहिलेलं नाही, बघितलंस? अकरावीतच सांगितलं होतंस तू, की चिठ्ठी घरच्यांच्या हाती पडली तर खाली नाव नसलं तरी तेवढ्यावरनं कळेल. तुझ्या लष्करी अकादमीत तुझ्या घरचं कोण नाही, पण माझा हात अजून तिथं थबकतो.

मी त्याच झेरॉक्सच्या दुकानात आहे, शाहूपुरीत. डिसेंबरात सुट्टीवर आलेलीस तेव्हा भावाला घेऊन आलीस, तेच दुकान. यशराजसमोर मला विचारलंस, "पासपोर्ट फोटो निघतील का हो?" दोन वर्षं माझ्या डब्यातली भाकरी मोडून खाल्लीस आणि मला 'हो' लावलंस! मी फोटो काढले. हनुवटी जरा वर घ्या, म्हणालो. यशराज म्हणाला, "पावणं, आवरा की लवकर." आवरलं. एका कागदावर आठ फोटो निघतात, मी सात दिले. घरी गेल्यावर मोजले नसशील.

आता तुझं काम. जिल्ह्यातल्या एका माजी सैनिकाची तोंडी साक्ष घ्यायची आणि तिच्यावरनं एका चकमकीचा इतिहास लिहायचा. पहाटे धावणं, मग ड्रिल, मग घोडे, आणि नऊ वाजता वर्गात पाठ टेकली की डोळे मिटतात म्हणतेस. शिक्षा म्हणून उभं केलं तर उभ्यानं झोपतेस. हे वाचून हसलो, आणि मग हसलो म्हणून स्वतःचाच राग आला. लघुप्रबंध गेला तर डिग्री नाही, डिग्री नाही तर पासिंग आउटची परेड नाही, सहा महिने मागच्या बॅचमध्ये. तेव्हा तुला हा संघर्ष आठवला.

तुला ठाऊक आहे मी कॉलेज का सोडलं. एस.वाय.ला माझा निबंध हातात धरून सर भर वर्गात म्हणाले, "कुठनं उतरवलास?" मी त्यांची कॉलर धरली. शिक्षण तिथं संपलं. आता दर मार्चला शंभर पोरांचे प्रकल्प माझ्या बोटांतनं जातात. त्यांना कोण विचारत नाही कुठनं उतरवले.

करून देतो. माझा आज्जा केरबा एकाहत्तरच्या लढाईत होता. त्याला बोलतं करतो.

संघर्ष

उचगाव, १७ ऑगस्ट २०२५

तेजू,

आज आज्जाला साक्षीला बसवलं. तर म्हातारा आधी आत गेला, इस्त्रीचा शर्ट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. आई म्हणाली, "मामंजी, घरातच बसायचंय की." तर म्हणाला, "मीनाबाई, साक्ष हाय. उघड्या अंगानं देत्यात व्हय?"

सातवी शिकलेला माणूस. पलटणीत असताना इंग्रजीची परीक्षा दिली, तिचा दाखला आमच्यात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावलाय. मी कॉलेज सोडल्याचं त्याला सांगितलं त्या दिवशी नुसता तो दाखला पुसत बसला. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

वहीत लिहून घेतलेलं जसंच्या तसं उतरवतो. इंग्रजी नंतर करू.

"डिसेंबर म्हयना. उजाडाय लागलं हुतं, पन धुकं असं, की आपला हात आपल्याला दिसंना. म्होरं बांधावर त्येंची मशिनगन. आमच्यातली तिघं डाव्या अंगाला कोरड्या पाटात अडाकल्याली. त्यात हुपरीचा जोतीराम. वायरलेस माज्या पाठीवर. सायबाच्या मानंत गोळी गेलती, त्येनला बोलता येईना. मग नकाशा मीच घेतला. मशिनगनचा ठिकाना काडला आनि मागं तोफखान्याला सांगिटलं. तीन आठ चार, तीन आठ सात. दोनदा सांगिटलं."

मी विचारलं, चोपन्न वर्षांनी आकडा कसा लक्षात?

"तुज्या बापाची जन्मतारीख इसरंन, त्यो आकडा न्हाय. नकाशावर चौकटी असत्यात. पयलं तीन आकडं आडवं, दुसरं तीन उभं. मास्तर शिकवायचा, आदी बांधानं आडवा जा, मग माळ चढ. उलटं केलंस तर गोळा दुसरीकडंच. आमच्या टायमाला उलटं झालं आसतं तर थेट त्या पाटात, आपल्याच मानसांवर."

मशिनगन गप्प झाली. पण पाटातली तिघंही गेली. शत्रूचा गोळा पडला, असं कागदोपत्री आहे.

जोतीरामची बायको धोंडुबाई तेव्हा वीस वर्षांची. त्याच्या सामानाची पेटी घेऊन आज्जाच हुपरीला गेला होता. तेव्हापासून दर भाऊबीजेला जातो. आमच्यात दिवाळी करत नाहीत, आमच्या गल्लीत त्यावरनं त्याला बोलतातही. तो म्हणतो, "सण न्हाय करत मी. भनीकडं जातो." ती पैंजणांचे घुंगरू जोडत बसलेली असते, ह्याला बघितलं की चिमटा खाली ठेवते. ओवाळते, जेवायला वाढते.

हे सगळं तुला फुकट देतोय. उत्तरात एक ओळ माझ्यासाठी लिही. जास्त नको.

तुझा (खोडायचं असेल तर खोड)
संघर्ष

शाहूपुरी, ७ सप्टेंबर २०२५

तेजस्वी,

तुझं उत्तर आलं. एक ओळ मागितली होती, चार आल्या. त्यातल्या तिनात पृथ्वीराज. पृथ्वीराज तुझ्या स्क्वाड्रनचा, पृथ्वीराजला साक्ष वाचून दाखवली, पृथ्वीराज म्हणाला की "सोर्स भारी आहे." माझा आज्जा सोर्स झाला. मी काय झालो? मला त्याने काय म्हटलं ते लिहिलं नाहीस. की माझं नावच सांगितलं नाहीस?

आणि शेवटी ते. "पासिंग आउटनंतर आपण पत्रं थांबवूया. घरी माझ्यासाठी वेगळा विचार चाललाय. तू समजून घेशील."

मी नेहमीच समजून घेतो. तुझी गल्ली आणि माझी गल्ली यांच्यामध्ये एक गटार आहे, ते मी पाचवीपासून समजून घेतोय.

असो. बत्तीस पानं सोबत आहेत, इंग्रजीत, तळटीपांसकट. आकडेबिकडे पडताळून घे. मी काय, कॉलेज सोडलेला माणूस.

स.

उचगाव, ५ ऑक्टोबर २०२५

तेजस्वी,

म्हाताऱ्याला कशाला बोलावलंस?

काल अकादमीचं छापील पत्र आलं. 'माननीय साक्षीदार' म्हणून सोळा तारखेच्या सादरीकरणाला हजर राहावं. आज्जाने ते आधी स्वतः वाचलं, मग माझ्याकडून वाचून घेतलं, मग आईला वाचून दाखवायला लावलं. तेवढ्यात शेजारचा आदर्श आला, त्यालाही. "केरबाआज्जा, ऑफिसरं तुला सॅल्यूट मारणार गा," म्हणाला तो. तेव्हापासून म्हातारा पदकं चिंचेनं घासतोय. माझ्या चुलत्याच्या लग्नातला कोट उन्हात टाकलाय.

त्याचे गुडघे दुखतात. प्रवास झेपायचा नाही. तब्येत बरी नाही असं तूच कळव तुझ्या सरांना. किंवा लिखित साक्ष पुरे म्हणून सांग. तुझ्या एका शब्दावर होईल.

कारण विचारू नकोस. एवढं कर.

संघर्ष

उचगाव, १९ ऑक्टोबर २०२५

तेजस्वी,

आता सगळं सांगतो. तसं तुला माहीतच आहे.

आकडा मी उलटा केला. सातव्या पानावर. आज्जाने सांगितलं तीन आठ चार, तीन आठ सात. मी टाइप केलं तीन आठ सात, तीन आठ चार. पृथ्वीराजचं नाव वाचलं त्याच दुपारी. मला वाटलं होतं, तुझे सर नकाशा पसरतील, ती जागा आपल्याच माणसांची निघेल, तू सगळ्यांसमोर तोंडघशी पडशील, सहा महिने मागं जाशील, आणि पृथ्वीराज पुढं जाईल. एवढंच हवं होतं. म्हाताऱ्याचं नाव त्या पानावर खाली आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वहीचं पानही मी फाडून टाकलं.

पण सोळा तारखेला सभागृहात, आम्हा दोघांसमोर, तुझ्या त्या पांढऱ्या मिशीवाल्या कर्नलसाहेबांनी नकाशा पसरला आणि ते चिडले नाहीत. हरखले. आधी तुला विचारलं, आकडा तपासलास का? तू टाचा जुळवून म्हणालीस, "सर, साक्षीदाराने सांगितला तसाच लिहिला आहे. एक अंकही बदललेला नाही."

एक अंकही! सतरा ऑगस्टचं माझं पत्र तुझ्याकडं आहे. त्यात खरा आकडा आहे. तू ते पृथ्वीराजला वाचून दाखवलं होतंस.

मग ते पडद्यावर बोट ठेवून सभागृहाला सांगायला लागले. अधिकृत नोंदीत तिघे शत्रूच्या गोळ्याने गेलेले आहेत, पण ही साक्ष दाखवते की गोळा आपलाच होता, आणि मशिनगन आपणहून माघारी गेली असावी. पन्नास वर्षांत कुणाला न सापडलेली गोष्ट या कॅडेटने शोधली. आणि टाळ्या. आज्जाही टाळ्या वाजवत होता. साहेबांचं भरभर इंग्रजी त्याला नीट कळलं नव्हतं.

कर्नलसाहेब त्याच्याजवळ येऊन वाकले. माणूस वाईट नव्हता. हळू विचारलं, "बाबा, यह नंबर आप ही ने दिया था? तीन आठ सात, तीन आठ चार?"

आज्जा उठून उभा राहिला. अटेन्शनमध्ये. साहेबाला 'तुमचं चुकलंय' म्हणायची सवय नाही त्याला. मग माझ्याकडं वळला.

"संघर्षा, मी सांगिटलं तसंच लिवलंस न्हवं?"

तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस. तीन वर्षांत पहिल्यांदा, सरळ, पापणी न हलवता. त्या फोटोत बघितलं होतंस तसं, हनुवटी जरा वर.

आणि मी मान डोलावली. "व्हय आज्जा."

"मग बराबर हाय, सर," आज्जा म्हणाला आणि खाली बसला. त्याच्या कोटावरची पदकं बराच वेळ एकमेकांवर आपटत होती, तेवढा आवाज मला येत होता.

परतीच्या एस.टी.त कराडपर्यंत तो आकडा पुटपुटत होता. मग म्हणाला, "म्हंजी जोतीराम माज्या तोंडानं मेला."

संघर्ष

उचगाव, २५ ऑक्टोबर २०२५

तेजस्वी,

परवा भाऊबीज झाली. मी म्हणत होतो, नको जाऊया यंदा. तर म्हणाला, "पळून जाऊ व्हय?"

हुपरीत धोंडुबाईचं दार उघडंच होतं. पाट मांडलेला. म्हातारी आता वाकलीय, पण बोटं अजून घुंगरावर चालतात. आज्जाला बघून म्हणाली, "आला गं बाई माझा फौजी. उशीर केलास, पुऱ्या गार झाल्या की."

आज्जा पाटावर बसला नाही. उंबऱ्याच्या आत उभा राहून त्याने सांगितलं. अकादमीत काय निघालं ते. आकडा उलटा दिला, गोळा पाटात पडला. कुठंही आवाज न चढवता, रिपोर्ट दिल्यासारखं.

मी त्याच्या मागं उभा होतो. मला बोलता आलं असतं. तेव्हाही.

धोंडुबाईने ताम्हणातलं निरांजन बोटांनी विझवलं. चटका बसला असेल, पण हात मागं घेतला नाही. मग एवढंच म्हणाली,

"चोपन्न वर्सं माझ्या हातचं जेवलास की रं."

आणि चिमटा उचलून घुंगरू जोडायला लागली. आम्ही उभे होतो तितका वेळ तिने मान वर केली नाही.

तुझ्या लघुप्रबंधाला पहिला नंबर मिळाल्याचं आदर्शने कुठल्याशा पेजवर दाखवलं. अभिनंदन. ह्यातला एक गुण म्हातारीचा आहे.

संघर्ष

उचगाव, १२ नोव्हेंबर २०२५

तेजू,

काल आज्जाला खरं सांगितलं.

तू घाबरशील म्हणून लगेच लिहितो. तो तुमच्या गेटवर येणार नाही. त्याने माझं ऐकलंच नाही.

मी त्याच्या पायाशी बसून सांगितलं. आकडा मी फिरवला, एका पोरीवर राग होता म्हणून. पोरीचं नाव सांगितलं, सगळं सांगितलं. वाटलं काठी घालेल. मला ती काठी पाहिजे होती, तेजू. तर त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"मला बरं वाटावं म्हनून सोतावर घेतोस व्हय? शाना हाईस."

मी म्हणालो, अरे मग मशिनगन गप्प कशी झाली? गोळा पाटात पडला तर बांधावरची मशिनगन कुणी बंद पाडली?

"ती आपसूक माघारी गेली आसंल. कर्नलसाब म्हनलं तसं. संघर्षा, मी सातवी शिकल्याला. तू लिवलंस, पोरीनं इंग्लिशमदी छापलं, कर्नलनं नकाशावर बगिटलं. तीन शिकल्याली मानसं एकच सांगत्यात, आनि मी एकटा डोस्क्यात आकडा धरून बसू? धुकं हुतं. माझीच जीब उलटी फिरली आसंल."

वहीचं पान कुठं आहे, म्हणाला. मी फाडलं म्हणालो. तर हसला. "बघ. खोटं बोलायला बी न्हाय जमत तुला."

आता तो जेवताना बोटाने ताटात चौकटी काढतो. आडवं, उभं. मग ओठ हलवतो. परवा आईने ऐकलं, तो उलटाच आकडा पाठ करत होता.

जगात एकच कागद उरलाय ज्यावर खरा आकडा त्याच्याच शब्दांत लिहिलेला आहे, सभागृहाच्या दोन महिने आधीच्या तारखेनं, पोस्टाच्या शिक्क्यासकट. सतरा ऑगस्टचं माझं पत्र. पाकिटासकट ते मला परत पाठव. मी ते फक्त आज्जाला दाखवीन, आणि हुपरीला. तुझ्या साहेबांपर्यंत जाणार नाही. आज्जा जायचं म्हणाला तर मी त्याच्या पाया पडून थांबवीन. तुझी परेड होईल, डिग्री मिळेल, पृथ्वीराज मिळेल, जे पाहिजे ते मिळेल. मी पुन्हा कधी लिहिणार नाही.

तुझ्याकडं कधी काही मागितलं नाही. एक ओळ मागितली होती फक्त. आता एक कागद मागतोय. तो माझाच आहे.

संघर्ष

उचगाव, ३ डिसेंबर २०२५

तेजस्वी,

पाकीट मिळालं. आत चिठ्ठी नाही. नुसती माझी पत्रं, तारखेप्रमाणे लावलेली, लष्करी शिस्तीत, कडेला कडा जुळवून.

तुला मी सात पत्रं लिहिली होती. सहा आली.

तीन ऑगस्टचं आहे. त्यानंतर थेट सात सप्टेंबरचं.

मी पाकीट उलटं करून झटकलं. फाडून आतून बघितलं. मग दुकानातल्या काचेवर सहाच्या सहा मांडून पुन्हा मोजली. गिऱ्हाईक म्हणालं, "पावणं, झेरॉक्स मारायचं का न्हाय?" मारलं.

तुझा फोटो आज पेपरात आलाय. पदवीचं भेंडोळं हातात, हनुवटी वर. आता एक वर्ष दुसऱ्या अकादमीत, मग खांद्यावर तारे. आदर्श पेपर घेऊन आला तेव्हा आज्जा अंगणात बसला होता. फोटो बघितला आणि गुडघ्यावर हात देऊन उठला. उभा राहून त्याने पेपरातल्या तुला सॅल्यूट केला, कोपर बरोबर खांद्याच्या रेषेत. मग मला म्हणाला, "कागद घे. पोरगीला पत्र लिवायचंय. मी सांगतो तसंच लिव."

लिहितो.

"अधिकारी साहेब तेजस्वी यांना माजी शिपाई केरबा याचा जय हिंद. तुमी माझी चूक शोदून काडली. मला येवडी वर्सं कळली नव्हती. त्याबद्दल आभारी हाय. आसंच आकडं बारीक नजरनं बगत जावा, तुमच्या हाताखालची पोरं वाचतील. एक इनंती हाय. तुमच्या प्रबंधाची एक प्रत धाडा. हुपरीत माझी भन हाय, तिला द्यायची हाय. मी तोंडी कबूल केलंय, पन तोंडाचं काय खरं? लिवल्यालं तिच्या हातात आसावं."

खाली त्याची सही आहे. यातलं एक अक्षर मी बदललेलं नाही.

प्रत तू पाठवू नकोस. फाइल दुकानात आहे, सातव्या पानावरच्या उलट्या आकड्यासकट. उद्या सकाळी मीच काढून देतो, त्याला पाहिजे तशी, जाड कागदावर.

संघर्ष